लग्नाची सीडी आजारी पडते तेव्हा

पावसाळ्यातल्या एका सोमवारी ओपीडीत पंचेचाळिशीच्या एक ताई आपल्या आईला घेऊन आल्या. आजींचे वय ७८. स्मृतिभ्रंशाचे निदान होऊन चार वर्षे झालेली. रक्तदाब, झोप, जेवण यांची चौकशी झाली, औषधे तीच ठेवली. केसपेपर हातात घेऊन उठता उठता ताई थबकल्या. "डॉक्टर, एक विचारू? औषधाचं नाहीये." त्यांनी पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेल्या दोन सीडी काढल्या. वर गणपतीचे चित्र आणि 'शुभविवाह' छापलेला गोल कागद चिकटवलेला.

"आई मला कधी ओळखते, कधी नाही. पण माझ्या लग्नाची सीडी लावली की तासभर शांत बसते. बाबा दिसले की हसते. मावशीला नावाने हाक मारते. आता महिनाभर झाला, सीडी मंगलाष्टकांपाशी अडकते. चित्राचे चौकोन चौकोन होतात, आवाज तुटतो आणि बंदच पडते. दुकानवाला म्हणाला, सीडी गेली. गेली म्हणजे काय हो? कुठे घासली नाही, पडली नाही. वीस वर्षं कपाटातच तर होती."

मला उत्तर देता आले नाही. बाहेर रांग मोठी होती. "पुढच्या वेळी सीडी घेऊन या, बघू," एवढेच म्हणालो.

त्या रात्री घरी आल्यावर मी आमच्याच कपाटातला खण उघडला. आमचे लग्न व्हीएचएस कॅसेटवर होते. २००५च्या सुमारास कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी दिसली, तेव्हा घाईने सगळ्या कॅसेटच्या सीडी करून घेतल्या. 'आता कायमची काळजी मिटली' असे म्हणून कॅसेट भंगारात दिल्या. मुलाचे बारसे, मुंज, आईची पंच्याहत्तरी, सगळे मिळून खणात २३ चकत्या निघाल्या. दोन रविवार बसून प्रत्येक चकती सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून पाहिली. चार उघडल्याच नाहीत, तीन मध्येच अडकल्या. ही एका घरातल्या एका खणाची मोजदाद आहे, त्यावरून सर्वांसाठी निष्कर्ष काढता येणार नाही. पण 'कायमची काळजी मिटली' हे माझे वाक्य मात्र त्या रात्री खोटे ठरले.

चकतीची शरीररचना

सीडी बाजारात आली १९८२मध्ये. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून ती घडवली. चकतीचा व्यास १२ सेंटिमीटर, जाडी जेमतेम सव्वा मिलिमीटर. या जाडीचा जवळजवळ सगळा भाग पॉलिकार्बोनेट नावाच्या पारदर्शक प्लास्टिकचा असतो. त्याच्या वरच्या बाजूला माहितीचा थर, त्यावर आरशासारखा चमकणारा धातूचा अत्यंत पातळ लेप, त्यावर लाखेसारखे संरक्षक लुकण आणि सर्वांत वर छपाई.

येथे पहिला गैरसमज दूर करायला हवा. आपण चकतीची चमकदार बाजू जपतो आणि छापील बाजू टेबलावर, सोफ्यावर कशीही टेकवतो. सीडीच्या बाबतीत खरी नाजूक बाजू छापील आहे. चमकदार बाजूला एक मिलिमीटरहून जाड प्लास्टिकचे कवच आहे. बारीक ओरखडा असला तरी लेसर किरण त्यातून बहुतेक वेळा वाट काढतो. छापील बाजूला मात्र माहिती आणि बाहेरची हवा यांच्यामध्ये लुकणाचा काही मायक्रॉनचा पापुद्राच असतो. बॉलपेनने दाबून लिहिलेले नाव किंवा ओढून काढलेला कागदी स्टिकर धातूच्या लेपापर्यंत इजा करू शकतो. लेप गेला की तेथील माहिती गेली.

ही माहिती किती बारीक असते? चकतीवर आतून बाहेर जाणारी एकच सर्पिल रेघ असते. ती उलगडून सरळ केली तर पाच किलोमीटरहून लांब भरेल. शेजारशेजारच्या दोन वळशांत १.६ मायक्रॉनचे अंतर. आपल्या रक्तातली तांबडी पेशी सुमारे सात मायक्रॉन रुंद असते, म्हणजे एका पेशीखाली सीडीचे चार वळसे झाकले जातील. डीव्हीडीचे वळसे त्याच्याही निम्म्याहून कमी अंतरावर असतात. एवढ्या लहान जागी होणारा बिघाड डोळ्यांना दिसत नाही यात नवल ते काय?

दुसरा गैरसमज त्याहून महत्त्वाचा. दुकानातून विकत आणलेली सिनेमाची सीडी आणि स्टुडिओवाल्याने दिलेली लग्नाची सीडी दिसायला सारख्या, पण घडणीने वेगळ्या. विकतची चकती कारखान्यात साच्यावर दाबून बनते. तिच्यातले बारीक खड्डे प्लास्टिकमध्येच उमटलेले असतात. घरगुती चित्रणाची चकती एकेक करून संगणकावर 'बर्न' केलेली असते. जपानच्या तायो युदेन कंपनीने १९८८मध्ये पुढे आणलेल्या या प्रकारात प्लास्टिक आणि धातू यांच्यामध्ये सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो. लेसरच्या उष्णतेने त्या रंगावर जागोजागी डाग पाडले जातात आणि ते डाग म्हणजेच आपली माहिती. चकतीच्या पाठीवर दिसणारी निळसर, हिरवट किंवा फिकट सोनेरी झाक या रंगद्रव्यामुळेच येते.

थोडक्यात, लग्नाची सीडी म्हणजे एका अर्थाने रंगवलेले कापड. आणि रंग विटतो.

आतून काय बिघडते

या आजाराची कारणे एकापेक्षा अधिक आहेत, आणि अनेकदा ती हातात हात घालून येतात.

पहिले कारण प्रकाश आणि उष्णता. उन्हाच्या खिडकीत पडलेली, गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेली चकती लवकर निकामी होते. तिच्यातला रंग उडतो. सायनाइन जातीचे रंग प्रकाशाला विशेष हळवे, थॅलोसायनाइन जातीचे त्या मानाने चिवट. आपण कोणत्या जातीची चकती घेतली होती, हे बहुतेकांना ठाऊकच नसते. उष्णतेचे गणित डॉक्टरांना ओळखीचे आहे. बऱ्याच रासायनिक क्रिया तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण दुप्पट वेगाने होतात. माळ्यावर पत्र्याखाली ठेवलेली पेटी विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात किती तापते ते सांगायला नको.

दुसरे कारण ओलावा. पॉलिकार्बोनेट काचेसारखे दिसत असले तरी ते थोडे पाणी शोषते. वर्षानुवर्षे दमट हवेत राहिलेल्या चकतीत ओलावा कडेने शिरून धातूच्या लेपापर्यंत पोहोचतो आणि लेप गंजू लागतो. डीव्हीडीची रचना वेगळी असते. अर्ध्या-अर्ध्या जाडीच्या दोन चकत्या गोंदाने चिकटवून तिच्या पोटात माहितीचा थर ठेवलेला असतो. त्यामुळे तिची छापील बाजू सीडीएवढी नाजूक नसते, पण गोंदाचा सांधा सुटला की हवा आणि पाणी आत शिरतात.

तिसरे कारण गंधक. बर्न करायच्या चकत्यांत आरशासाठी अनेकदा चांदी वापरतात. चांदीची समई किंवा पैंजण काळे का पडतात, हे घरोघरी माहीत आहे. हवेतल्या गंधकाच्या संयुगांशी चांदीचा संयोग होतो. चकतीतल्या चांदीचेही तेच होते. याचे गाजलेले उदाहरण इंग्लंडमधील ब्लॅकबर्न गावातल्या पीडीओ कारखान्याचे. तेथे १९८८ ते १९९३ या काळात दाबून बनवलेल्या कित्येक संगीत सीडी कडेकडून तपकिरी होत गेल्या. त्यांवर चांदीचा लेप होता आणि वरचे लुकण डबीतल्या कागदी पुस्तिकेतील गंधकापासून चांदीला वाचवू शकले नाही. म्हणजे कारखान्यात बनलेली चकतीसुद्धा निर्धोक असतेच असे नाही. वॉर्नर ब्रदर्स या मोठ्या चित्रपट कंपनीनेही २०२५मध्ये मान्य केले, की २००६ ते २००८ या काळात बनलेल्या आपल्या काही डीव्हीडींमध्ये दोष निघाला आहे.

चौथे कारण वाचून मला माझ्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या तासांची आठवण झाली. २००१मध्ये माद्रिदच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातील शास्त्रज्ञ हाविएर गार्सिया-गिनेआ यांनी मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशातून आलेली एक सीडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. तिच्यावर डाग पडले होते आणि ती जागोजागी पारदर्शक झाली होती. आत जिओट्रिकम जातीची बुरशी सापडली. ती बाहेरच्या कडेने शिरून प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर पोखरत गेली होती. असे प्रकार नेहमीचे नाहीत. पण बेलीझची हवा उष्ण आणि दमट आहे, आणि श्रावणात कोकणातल्या कपाटाला येणारा वास ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

पाचवे कारण मूळची प्रकृती. कोणतीही चकती घेतली आणि कसल्याही यंत्रावर घाईने बर्न केली, तर ती जन्मतःच अशक्त असते. अमेरिकेच्या 'निस्ट' या राष्ट्रीय मानक संस्थेने २००३मध्ये चकत्यांच्या निगेविषयी एक पुस्तिका काढली. तीत उत्पादकांचा अंदाज दिला आहे: एकदाच लिहिता येणाऱ्या चकत्या योग्य वातावरणात १०० ते २०० वर्षे टिकाव्यात. हे योग्य वातावरण म्हणजे ४ ते २० अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता. मुंबईत, पणजीत किंवा रत्नागिरीत जुलै महिन्यात अशी हवा कोणाच्या घरात असते? शंभर वर्षांचा तो आकडा आपल्या कपाटासाठी नव्हता.

लक्षण उशिरा का दिसते

ताईंचा खरा प्रश्न हाच होता. परवापर्यंत चांगली चालणारी सीडी आज एकदम कशी गेली?

ती एकदम गेली नव्हती. तिचा आजार वर्षानुवर्षे चालू होता, फक्त दिसत नव्हता.

मूत्रपिंडाचे उदाहरण घेऊ. मूत्रपिंडांची निम्मी कार्यक्षमता जाईपर्यंत रक्तातले क्रिएटिनिन बऱ्याचदा सामान्य मर्यादेतच राहते. उरलेला भाग जास्त काम ओढतो आणि रुग्णाला काहीच जाणवत नाही. मग एक दिवस पायांवर सूज येते आणि घरचे म्हणतात, "काल तर ठणठणीत होते!"

चकतीतही अशीच भरपाईची व्यवस्था असते. आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या गणितज्ञांनी १९६०मध्ये मांडलेल्या एका पद्धतीवर ती आधारलेली आहे. माहिती लिहिताना तिच्यासोबत जादा आकडे लिहिले जातात आणि एकमेकांजवळची माहिती मुद्दाम लांब लांब विखुरली जाते. त्यामुळे एखादा तुकडा वाचता आला नाही, तरी उरलेल्या आकड्यांवरून तो पुन्हा काढता येतो. सीडीवर रेघेचा सलग अडीच मिलिमीटरपर्यंतचा भाग खराब असला, तरी त्यातली माहिती पूर्णपणे भरून काढता येते. म्हणून नवी चकतीसुद्धा चुकांपासून मुक्त नसते. प्लेअर त्या चुका क्षणोक्षणी दुरुस्त करत असतो आणि आपल्याला निर्दोष चित्र दिसते.

रंग विटत जातो, डाग वाढत जातात, चुका वाढत जातात. तरीही पडद्यावर सगळे आलबेल. मग दुरुस्तीची मर्यादा ओलांडली जाते आणि चित्राचे चौकोन होतात. ते पहिले लक्षण आपल्याला दिसते तेव्हा आजार पुढच्या टप्प्यात गेलेला असतो.

लग्नाच्या जुन्या सीडींची आणखी एक अडचण आहे. त्या बहुतेक 'व्हीसीडी' प्रकारच्या आहेत. १९९३मध्ये ठरलेल्या या प्रकारात एका सीडीवर सव्वा तासाच्या आसपास चित्रण बसवायचे होते. त्यासाठी, संगणकाच्या फायली ठेवताना दुरुस्तीचा जो जादा थर दिला जातो, तो चित्रणाच्या भागातून वगळलेला असतो. जागा वाचली आणि संरक्षण कमी झाले. म्हणून एकाच वेळी, एकाच दुकानात बर्न केलेल्या दोन चकत्यांपैकी कागदपत्रांची सीडी उघडते आणि व्हीसीडी अडकते, असे होऊ शकते.

घरच्या घरी तपासणी

रुग्णाला तपासताना आपण आधी नजरेने पाहतो. चकतीचेही तसेच. तिला बाहेरच्या कडेने आणि मधल्या भोकाने धरा, पृष्ठभागाला बोट लावू नका. दिव्यासमोर धरून पाहा. टाचणीच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले, तर तेवढ्या जागी आरसा गेला आहे. कडेला तपकिरी झाक, दुधाळ ढग, पापुद्रा सुटल्यासारखी नक्षी, ही सगळी वाईट चिन्हे.

मग ती चालवून पाहा, पण पहिली पाच मिनिटे पाहून समाधान मानू नका. चकतीवरील माहिती आतल्या बाजूने सुरू होऊन बाहेर जाते. ओलावा, बोटांचे ठसे, धूळ यांचा मार जास्त करून बाहेरच्या कडेला बसतो. चकती पूर्ण भरलेली असेल तर चित्रणाचा शेवट त्या कडेला असतो. म्हणजे हळद आणि सीमांतपूजन स्वच्छ दिसेल, आणि पाठवणी गेलेली असेल. मधला भाग आणि शेवट आवर्जून पाहा. संगणकात टाकल्यावर चकती बराच वेळ नुसती घरघरत असेल, पुन्हा पुन्हा वेग बदलत असेल, तर चित्र नीट दिसत असले तरी तो सावधगिरीचा इशारा समजा.

चकती अजिबात उघडत नसेल, तरी लगेच टाकून देऊ नका. मधल्या भोकाजवळच्या भागात अनुक्रमणिका असते. नुसती तीच खराब झाली तर आतले सर्व चित्रण शाबूत असूनही चकती कोरी दिसते. कॅमेऱ्यात घालायच्या आठ सेंटिमीटरच्या छोट्या डीव्हीडींचे असे पुष्कळदा होते. चित्रणानंतर त्या 'फायनलाइज' करायच्या राहून गेलेल्या असतात आणि दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर उघडत नाहीत.

उपचार म्हणजे प्रत

विटलेला रंग परत आणणारे औषध नाही. पण येथे चकती माणसापेक्षा नशीबवान आहे. कॅसेटवरून कॅसेट केली की चित्र दर वेळी थोडे फिके व्हायचे. अंकांच्या रूपातल्या माहितीची प्रत मात्र मुळासारखी हुबेहूब निघते, वीस वर्षांनी काढली तरीही. अट एकच, चकती वाचता येत असतानाच ती काढायला हवी. म्हणून जी सीडी आज चांगली चालते, तिच्यावर आज उपचार करायचे.

सुरुवात कोणापासून? अपघात विभागात आम्ही आधी कोणाला हात लावायचा ते ठरवतो, तशी प्रतवारी करा. जिची दुसरी प्रत कोणत्याही नातेवाइकाकडे नाही, जिच्यात आता हयात नसलेल्या माणसांचा आवाज आहे आणि जी सर्वांत जुनी आहे, ती चकती पहिली.

आजकालच्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतो. यूएसबीने जोडायचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह मिळतो, तो सीडीही वाचतो. चकतीवर धूळ असेल तर मऊ, स्वच्छ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल गोल नाही. गोल पुसताना पडलेला ओरखडा रेघेला समांतर जातो आणि एका जागची सलग माहिती खराब करतो. टूथपेस्ट, स्पिरिट, नेलपॉलिश काढायचे द्रव, असले घरगुती उपाय करू नयेत. बिघाड आतल्या थरात असेल तर बाहेरून चोळून काही साधत नाही, उलट प्लास्टिक पांढुरके होते.

डीव्हीडी असेल तर 'व्हिडिओ टीएस' नावाचे संपूर्ण फोल्डर, आणि व्हीसीडी असेल तर 'एमपेगएव्ही' फोल्डरमधल्या 'डॅट' फायली संगणकात उतरवा. उतरवताना अडथळा आला तर तीच चकती दहा वेळा लावत बसू नका. दुसऱ्या बनावटीचा ड्राइव्ह वापरून पाहा. एका ड्राइव्हला न दिसणारी माहिती दुसऱ्याला दिसते, हा माझाही अनुभव आहे. वाचण्याचा वेग कमी केल्यानेही फायदा होतो. 'डीडीरेस्क्यू' हा मोफत प्रोग्राम आधी जेवढे सहज वाचता येते तेवढे उचलून सुरक्षित ठेवतो आणि मग अवघड जागांवर परत जातो. घरातल्या किंवा शेजारच्या संगणक शिकणाऱ्या मुलाला हे काम सांगा, त्याला ते आवडेल. माझ्या सात आजारी चकत्यांपैकी तीन पूर्ण आणि दोन अर्ध्याअधिक वाचल्या. उरलेल्या दोन मात्र गेल्या.

मूळ फायली जशाच्या तशा ठेवा. मोबाइलवर पाहायला लहान प्रत हवी असेल तर ती वेगळी करा. व्हॉट्सअॅपवरून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलेली प्रत आकुंचन पावलेली असते, तिच्यावर विसंबून मूळ चकती टाकू नका.

प्रत काढली की काळजी कायमची मिटली, ही चूक मी एकदा केली आहे. हार्ड डिस्कही एक दिवस बंद पडते, पेनड्राइव्ह हरवतो. म्हणून दोन वेगवेगळ्या ठिकाणी प्रती हव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी, बहिणीकडे, मुलाकडे किंवा इंटरनेटवरील साठ्यात ठेवावी. दिवाळीच्या साफसफाईच्या वेळी वर्षातून एकदा ती उघडून पाहावी. चकत्याही लगेच फेकू नयेत. कठीण डबीत, पुस्तकासारख्या उभ्या, थंड आणि कोरड्या जागी राहू द्याव्यात. चिकटवलेला कागद आता काढायला जाऊ नये, त्याबरोबर लेपही निघून येईल. नाव लिहायचेच तर डबीवर लिहावे.

दवाखान्याच्या फाइलमधली सीडी

डॉक्टर म्हणून एक पोटविषय येथे सांगणे भाग आहे. सीटी स्कॅन किंवा एमआरआय केल्यावर अहवालासोबत एक सीडी मिळते. बहुतेक घरांत ती फाइलच्या खिशात घडीच्या कागदांबरोबर पडून असते. तीही बर्न केलेलीच चकती आहे आणि तिलाही हे सगळे आजार होतात.

जुन्या स्कॅनची किंमत नवा स्कॅन झाल्यावर कळते. फुप्फुसात छोटी गाठ दिसली की आमचा पहिला प्रश्न असतो, "आधीचा स्कॅन आहे का?" तीच गाठ दोन वर्षांपूर्वी तेवढीच होती असे दिसले, तर ती कर्करोगाची असण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. जुनी सीडी उघडली नाही, तर पुन्हा पुन्हा स्कॅन, वाट पाहणे, कधी सुईने तुकडा काढून तपासणे, आणि तोवर घराच्या जिवाला घोर. अशा सीडीतील 'डायकॉम' चित्रांचे संपूर्ण फोल्डर, काहीही न वगळता, संगणकावर उतरवून ठेवा. छापील अहवाल तर जपाच.

आजींसाठी काय?

जुने चित्रण पाहून आजी का खुलतात? स्मृतिभ्रंशात, विशेषतः अल्झायमरच्या आजारात, ताज्या आठवणी आधी पुसट होतात आणि जुन्या त्या मानाने उशिरा. सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही, पण बहिणीचा आवाज ओळखू येतो. जुनी छायाचित्रे, गाणी, चित्रणे यांच्या आधाराने गप्पा मारण्याची रीत अनेक देशांत वापरली जाते. तिच्यावर झालेल्या अभ्यासांत मनःस्थिती, संवाद यांवर काही चांगला परिणाम दिसला आहे. तो लहान आहे आणि सर्वांत सारखा दिसत नाही. त्याने आजार मागे फिरत नाही. पण रोज मिळणारा एक शांत तास, रुग्णासाठी आणि त्याहून त्याला सांभाळणाऱ्यासाठी, लहान गोष्ट नसते.

असे चित्रण लावताना शेजारी बसावे. "हे कोण, सांग बघू?" अशी परीक्षा घेऊ नये. "या बघ मावशी आल्या," असे आपणच म्हणावे. गेलेले माणूस पाहून कोणी अस्वस्थ झाले, रडू लागले, तर वाद न घालता बंद करावे आणि दुसरे काही लावावे.

पुढच्या महिन्यात ताई सीडी घेऊन आल्या. मी त्या घरी नेल्या. दुसरी चकती पूर्ण उतरली. पहिलीचे मंगलाष्टकांचे पहिले कडवे तेवढे तुटक आहे, बाकी मिळाले. दुसऱ्या चकतीत पंगतीच्या वेळी ताईंचे वडील कॅमेऱ्याकडे न पाहता कोणाला तरी ओरडून सांगतात, "अरे, जिलबी इकडे फिरवा!" ताई म्हणाल्या, "बाबांचा आवाज आमच्याकडे दुसरीकडे कुठेच नाही." फोटो पुष्कळ होते. आवाज तेवढाच होता, आणि तो वीस वर्षे विटत्या रंगाच्या भरवशावर होता.

तुमच्या कपाटातही असा एखादा आवाज असेल. तो खण या रविवारी उघडा.